गळ्याचं माप

रामकृष्णहरी, मंडळी. असे पुढे सरका. त्या खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ या, नाहीतर पंख्याच्या आवाजात माझं बोलणं वाहून जाईल. कीर्तनाला अजून वेळ आहे, पखवाजाला कणीक लागायची आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, माझ्याच गळ्याची आहे. पण ऐकून उठाल तेव्हा जरा हलके होऊन उठाल, एवढा शब्द देतो.

अठरा वर्षं झाली असतील. वैशाखातली सकाळ, आमच्या पिंपळखुट्याच्या घराची गच्ची. आईनं गव्हाचा चीक शिजवून पातेलं वर आणलं होतं आणि मी सोऱ्या दाबत होतो. खाली जुन्या धोतरावर कुरडया पडत होत्या. नऊ वाजले नव्हते, तरी पायाखालची गच्ची तापली होती.

"दाब ना नीट. हात विलायतेतच ठेवून आला वाटते," धाकटी रेणू म्हणाली. ती बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि दिवसभर माझ्या मागे लागण्याशिवाय तिला काम नव्हतं.

"दाबतोच आहे."

"आई, याच्या कुरडया पाह्य. सोंडेसारख्या लांब. आणि गळ्यापर्यंत बटनं लावून बसला आहे, जसा बँकेचा साहेब."

आईनं पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सोपान, वरचं बटन तं खोल बाप्पा. पाहूनच मले घाम फुटते."

"सवय झाली आई. तिकडे थंडी होती ना."

"थंडी तिकडे होती," रेणू म्हणाली. "इथं चव्वेचाळीस आहे."

मी सोऱ्या दाबत राहिलो. घाम मानेवरून ओघळत होता आणि शर्टाच्या आत जिथं थांबायचा तिथं काहीतरी बोचत होतं. ते काय होतं, तेच मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

मला परत येऊन नऊ दिवस झाले होते. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयानं मातीच्या अभ्यासाला सहा महिने पोलंडला पाठवलं होतं. परत आलो आणि उन्हाळा जसा असतो तसा सुरू झाला. सकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं, वाळ्याचे पडदे भिजवायचे. दुपारी आंब्याचा रस पिऊन फरशीवर आडवं व्हायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं. मधे कुणीतरी यायचं, मला खालीवर न्याहाळायचं आणि विचारायचं, "तिकडे भाकर भेटते का?" नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

सगळं होतं तसंच होतं. फक्त माझा गळा झाकलेला होता.

त्याचं कारण सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना आत्माराम महाराजांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. आत्माराम महाराज म्हणजे आमच्या गावचे शिंपी. मंदिराच्या बाजूच्या ओसरीत त्यांचं पायमशीन होतं. दिवसभर कपडे शिवायचे आणि एकादशीला कीर्तनाला उभे राहायचे. कथेकऱ्यांची मोठमोठी नावं मी पुढे ऐकली, पण तो आवाज पुन्हा नाही सापडला. ते अभंगाचा पहिला चरण घेत तेव्हा शेतातून आलेली माणसं पायातल्या वहाणा तशाच हातात धरून उभी राहत. मला जेवणापेक्षा ते कीर्तन प्रिय होतं. त्यांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहायला मिळावं, म्हणून तर मी माळ मागून घेतली होती.

माळेचे नेम साधे होते. अभक्ष्य खायचं नाही, खोटं बोलायचं नाही. माळ तुटली तर पुन्हा गळ्यात येईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. आणि ती आपल्या हातानं घालायची नाही, दुसऱ्याच्या हातानं घालून घ्यायची. "दुसऱ्याले विनंती करता आली पाह्यजे," महाराज म्हणायचे.

मी परदेशी निघालो त्या दिवशी पारावर सगळे जमले होते. शिवराम तात्या, आमचे जुने पोलीस पाटील, पानाचं देठ खुडत म्हणाले, "पोरगं हुशार आहे, पण विमानात चढलं की माळ खुंटीवर गेली समजा. आपण काय पाह्यलं नाही का?"

महाराज तिथंच बसले होते. ते सहसा वाद घालत नसत. त्या दिवशी म्हणाले, "त्याच्या माळेचा जामीन मी."

"कागदावर लिहून द्या."

"कागद कायले? त्याची माळ गेली, तं मी या गावात कीर्तनाले उभा राहणार नाही."

तात्यांनी देठ टाकून दिलं. महाराजांनी शब्द दिला की तो दिलेला असे, हे गावाला माहीत होतं.

आणि पोलंडमध्ये, डिसेंबरातल्या एका दुपारी, माझी माळ तुटली.

मी यादविगा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत होतो. जुन्या दगडी इमारतीचा तिसरा मजला. जिना चढताना जड कोटाची कॉलर सोडवत होतो, त्यात दोरा अडकला आणि मणी जिन्यावरून टणटण उड्या मारत खाली गेले. मी गुडघ्यावर बसून वेचले. चोपन्न मणी होते, त्रेपन्न सापडले.

त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या शहरात माळकरी कुठून आणणार? घरी फोन करण्याचं धाडस झालं नाही, कारण आईला कळलं असतं तर तिनंही ताट सारलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी यादविगाबाईनं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, मग माझ्या पोटाकडे, मग भुवया वर केल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला पोलिश दहा शब्द येत होते. मी रुमाल सोडून तिच्यापुढे मणी ठेवले आणि तुटलेला दोरा गळ्याशी धरून दाखवला.

तिनं बोट ठेवत एकेक मणी मोजला. मग उठली, झाडू घेतला, आणि गुडघे दुखत असताना तिन्ही मजल्यांचा जिना झाडत खाली गेली. वर आली तेव्हा तिच्या तळहातावर चोपन्नावा मणी होता.

मग तिनं मणी टेबलावर मांडले, दहा-दहाचे पाच ढीग. चार उरले. मला वाटलं आता तिचा गोंधळ होणार. पण ती मान हलवून हसली, जणू नेमके तेवढेच असायला हवे होते. कपाटातून जाड दोरा काढला आणि ओवायला बसली. दहा मणी, मग जरा जागा, मग एक, मग जागा, मग पुन्हा दहा. प्रत्येक मण्यानंतर एक गाठ. तेव्हा माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी खिडकीपाशी बसून ती जी जपमाळ ओढायची, ती अशीच होती. तिला वाटलं, माझीही तीच आहे.

मी काय बोलणार होतो, आणि कोणत्या भाषेत? शेवटी तिनं स्वतःच्या गळ्यातल्या साखळीतून एक लहानसं चकतीसारखं पदक काढलं. त्यावर एक आई आणि तिच्या कडेवर मूल. ते तिनं माझ्या माळेत मधोमध गुंफलं, दोन गाठी मारल्या, माझ्यामागे उभी राहिली आणि मानेवर दोरा बांधला. बांधताना काहीतरी पुटपुटत होती. मग माझ्यासमोर बिटाच्या लाल सुपाची वाटी ठेवली. मी डोक्यावर दोन बोटं धरून गायीची शिंगं केली आणि नको नको अशी मान हलवली. ती पोट धरून हसली आणि मला बीट, बटाटा, गाजर एकेक उचलून दाखवलं. मी जेवलो. ती डोळे पुसत बघत बसली होती.

तेव्हापासून ते तसंच माझ्या गळ्यात होतं. पदक काढायचं तर दोरा कापावा लागणार, दोरा कापला की माळ तुटणार. आणि तिनं बांधलेलं मी कापायचं तरी कसं? तिकडे थंडीत कॉलरखाली कुणाला दिसलं नाही. इकडे आलो आणि उन्हाळा.

त्यात सप्ताह तोंडावर आला होता. आमच्या गावची एक रीत होती. सप्ताहात टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं तर अंगात त्या वर्षीचा नवा सदरा लागे, आणि तो महाराज स्वतः शिवत. माप दर वर्षी नव्यानं घेत. छाती, बाही, उंची आणि गळा.

मी रेणूच्या हाती जुना सदरा पाठवला. म्हटलं, "सांग, यावरूनच शिवा."

ती अर्ध्या तासात परत आली. सदरा माझ्या अंगावर टाकला. "महाराज म्हणाले, माणूस वर्षभरात वाढते नाहीतर खचते. जुन्या मापावर मी शिवत नाही. त्याले पाठव."

"तू सांगितलंस का, मला बरं नाही म्हणून?"

"तुले बरं नाही? आत्ता तीन वाट्या रस प्याला."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आई म्हणाली, "जाऊन ये बाप्पा. म्हातारं माणूस वाट पाहून राह्यलं." तिनं हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही, भाकरी थापत राहिली.

मी दुपारी निघालो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मनात दोनच गोष्टी होत्या. सांगितलं नाही, तर माळ घालून खोटं बोललो. सांगितलं, आणि महाराजांनी ही माळ माळच नाही असं ठरवलं, तर त्यांचा आवाज या गावात पुन्हा ऐकू येणार नाही. तो माझ्यामुळे बंद होणार. मंदिराच्या पायऱ्यांपाशी येईपर्यंत मी तीनदा परत वळलो असेन.

महाराज मशीनवर होते. चष्मा नाकावर, गळ्यात टेप. पाय चालूच ठेवून म्हणाले, "आला विलायतचा साहेब. तीन निरोपात आला म्हणजे लवकरच आला."

मी पाया पडलो.

"उभा राह्य." त्यांनी टेप काढला. छाती मोजली. "छत्तीस. दोन इंच खाल्ले तिकडच्या हवेनं." बाही मोजली, उंची मोजली, खडूनं फळीवर आकडे लिहिले. तोंडानं अभंगाची चाल गुणगुणत होते. मग माझ्यासमोर आले.

"वरचं बटन खोल."

मी उभाच राहिलो.

"सोपाना, गळा मोजायचा आहे. बटनावरून मोजला तं सदरा बैलाले बसेल, तुले नाही."

"महाराज, आधी माझं ऐकता का?"

त्यांनी टेप खांद्यावर टाकला. खाली बसले आणि मशीनच्या बाजूचा माठ पुढे सरकवला. "पाणी पी, मग बोल. कोरड्या गळ्यानं माणूस निम्मं सांगते."

मी पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. जिना, त्रेपन्न मणी, झाडू, दहाचे ढीग, गाठी, पदक. सांगताना त्यांच्याकडे पाहण्याची हिंमत नव्हती. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतो. सांगून झालं तेव्हा बटन उघडलं.

महाराजांनी चष्मा वर केला, खाली केला. मला दाराच्या उजेडात ओढलं आणि माळ बोटांत धरली. एकेक गाठ नखानं तपासली. बाहेर पिंपळावर होला घुमत होता.

"हा टाका कोणाचा म्हणाला?"

"यादविगाबाईंचा."

"यादवबाई. वय?"

"ऐंशीच्या पुढे असेल."

"चष्मा?"

"होता. पण ओवताना काढून ठेवला होता."

"हं." ते पुन्हा गाठी पाहू लागले. "पन्नास वर्षं झाली मले सुई धरून. इतक्या सारख्या गाठी माझ्या हातानं येत नाहीत. पाह्य, दोन गाठींतलं अंतर कुठंच कमीजास्त नाही. आपली माळ सरळ ओवलेली. एका जागी तुटली की सारी सांडली. ही तुटली तरी एकच मणी जाईल."

त्यांनी गाठींवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"सोपाना, एक विचारतो. नीट आठवून सांग. तिनं तुले जेवू घातलं. ते माळ घालायच्या आधी का नंतर?"

"नंतर. आधी माळ बांधली, मग वाटी ठेवली."

"तू स्वतः बांधली?"

"नाही. त्यांनी. मागे उभं राहून."

"बांधताना काही म्हणत होती?"

"म्हणत होत्या. मला कळलं नाही."

"देवाचं नाव घेत असेल. दुसरं काय म्हणते माणूस माळ बांधताना." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "मंग नेम तुटला कुठं? दोन दिवस उपाशी राह्यला. दुसऱ्याच्या हातानं घालून घेतली. घातल्यावर जेवला. मी इथं बसून जे केलं असतं, ते त्या बाईनं तिथं केलं. तेही जिना झाडून. मी तं झाडलाही नसता, गुडघे कुठी आहेत मले."

मंडळी, मी ओसरीवर बसलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा मानेवर वारा लागत होता.

"पण महाराज, हे पदक?"

ते त्याच विचारात होते. पदक त्यांनी अंगठ्यावर घेतलं होतं. "ही कोण?"

"त्यांची देवाची आई."

"कडेवर लेकरू आहे." त्यांनी पदक उजेडाकडे वळवलं. "गळ्यातली माळ एकाची असते, सोपाना. तुळशीत दुसरं काही राहू नये, हे मी तुले शिकवलं, ते आज बदलत नाही. पण या माउलीले काढून कुठं टाकायचं? टाकलं तं त्या बाईचा हात टाकल्यासारखं होईल."

मग त्यांनी कात्री घेतली. पण दोऱ्याला ती लावलीच नाही. पदकाच्या वरच्या कडीला कात्रीचं टोक घातलं, हलकेच वाकवलं, आणि पदक दोरा न तुटता अलगद बाहेर आलं. मला पाच महिन्यांत हे सुचलं नव्हतं. सुचायला पन्नास वर्षं हुकं-कड्या लावलेल्या असाव्या लागतात.

त्यांनी टेप उचलला. "आता सरळ उभा राह्य. गळा साडेचौदा." फळीवर लिहिलं. "जा आता. आणि घरी जाऊन आईले बटन उघडं दाखव."

घरी गेलो तेव्हा आई माठाला ओलं फडकं गुंडाळत होती. तिनं माझा गळा पाहिला आणि काम चालूच ठेवलं.

"आई, माळ..."

"मले माहीत आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या डोक्याले तेल लावलं, तेव्हाच मागची गाठ पाह्यली. आपल्या इकडची गाठ नाही ती."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून." फडकं घट्ट पिळून ती म्हणाली, "आणि नाहीच सांगितलं, तं महाराज मापाले बोलावतील म्हणून."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सदरा आला. पांढरा, कडक इस्त्रीचा. डाव्या खिशाच्या आतल्या बाजूला, छातीला लागेल असा, कापडाचा एक चौकोनी तुकडा शिवलेला होता, चारी बाजूंनी बंद. बोटानं चाचपलं तर आत गोल काहीतरी हाताला लागलं. टाके इतके बारीक होते की शिवण दिसत नव्हती. अंतर कुठंच कमीजास्त नव्हतं.

सात दिवस मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा होतो. काल्याच्या कीर्तनाला सकाळीच सारं गाव आलं. दहीहंडी फुटली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पाया पडले. शिवराम तात्या माझ्यासमोर आले, मिठी मारली आणि मान मागे घेऊन माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"माळ आहे तं," ते म्हणाले. जरा नाराजच झाल्यासारखे वाटले. मग डोळे बारीक केले. "पण अशी गाठी-गाठीची काहून?"

महाराज बाजूलाच होते. दह्यानं भरलेला हात धोतराला पुसत म्हणाले, "तात्या, तुम्हीच म्हणत होता ना, तिकडे माळ टिकत नाही? म्हणून पोरगं तिकडून पक्की करून आलं."

तात्यांना हसू आवरलं नाही. महाराजांना तर नाहीच. आणि त्या हसण्यातच त्यांनी शेवटच्या अभंगाला आवाज लावला. वहाणा हातात धरून माणसं जागच्या जागी थांबली. मी टाळ उचलला. छातीपाशी ते गोल पदक टाळाच्या प्रत्येक ठोक्याला लागत होतं.

पुढे महाराज अकरा वर्षं कीर्तन करत राहिले. दर वर्षी नवा सदरा, दर वर्षी नवं माप, आणि दर वर्षी जुन्या सदऱ्यातला तो तुकडा उसवून नव्या सदऱ्यात. ते गेले तेव्हापासून मीच उसवतो आणि मीच शिवतो. माझे टाके वाकडे येतात. माळ मात्र अजून तीच आहे, एकदाही तुटली नाही. यादविगाबाईंना मी परतल्यावर चार पत्रं लिहिली. पहिल्या तिन्हींना उत्तर आलं. मला न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांच्या ओळी सारख्या अंतरावर होत्या.

बघा, पखवाज लागला. उठा आता, रांगेत उभे राहा. महाराजांची आठवण तुम्ही काढालच, ते मला सांगावं लागणार नाही. माझं मागणं दुसरं आहे. आरतीला टाळ्या वाजवाल, तेव्हा एक टाळी त्या म्हातारीच्या नावानं वाजवा, जिनं गुडघे दुखत असताना तीन मजले झाडून एक मणी शोधला. नाव जिभेवर बसलं नाही, तर यादवबाई म्हणा. महाराजांनीही तेच म्हटलं होतं.